पाया पक्का, घर बेपत्ता

‘आधी पाया पक्का करा’ हे वाक्य ज्या गृहस्थाने प्रथम उच्चारले, त्याने आयुष्यात एकही घर बांधले नसणार. बांधले असते, तर नुसत्या पायावर बसून राहणाऱ्याच्या डोक्यावर पाऊस पडतो, ही साधी गोष्ट त्याच्या ध्यानात आली असती. पण या वाक्याचा दराराच असा, की ते कानी पडताच समोरचा मान खाली घालतो. जॅझ गिटार शिकणाऱ्यांच्या जगात तर त्याला वेदवाक्याचा मान आहे. तिथे त्याचा पाठभेद असा: ‘आधी सगळ्या स्केल्स पाठ करा, इम्प्रोव्हायझेशनचं मग बघू.’

प्रस्तुत लेख या ‘मग बघू’च्या विरुद्ध आहे.

बँकेतल्या कारकुनाला जॅझ गिटारची उठाठेव कशाला, असे काही वाचक म्हणतील. त्यांना एवढेच सांगतो, की दिवसभर दुसऱ्याच्या नोटा मोजणाऱ्याला संध्याकाळी स्वतःच्या चार नोट्स वाजवाव्याशा वाटल्या, तर त्यात गैर काय? आणि जॅझमध्ये नोट्स खरोखरच स्वतःच्या असतात. वादक आधी ठरलेली चाल वाजवतो आणि मग त्याच चालीच्या कॉर्ड्सवर, तिथल्या तिथे, स्वतःची नवी चाल रचतो. ब्लूज असेल तर चार-चार मात्रांचे बारा बार झाले, की पुन्हा पहिल्यापासून. (हे बार निराळे. आमच्या हेडक्लार्कनी उगाच कान टवकारू नयेत.) या तिथल्या तिथे रचण्याला इम्प्रोव्हायझेशन म्हणतात. जॅझचा जीव तिथे आहे.

आता ‘सगळ्या स्केल्स’ म्हणजे किती, ते पाहू. मी बी.कॉम. असल्यामुळे हिशेब मांडल्याशिवाय मला पटत नाही. नुसत्या मेजर स्केलपासून सात मोड निघतात. ते बारा सुरांवरून वाजवायचे म्हणजे 84 झाले. मग मायनरचे तीन प्रकार आणि त्यांची पोरेबाळे. त्यात गिटार हे वाद्य मुळात संशयास्पद व्यवहाराचे. तिसऱ्या तारेवर बोट न ठेवता जो जी वाजतो, नेमका तोच जी चौथ्या तारेच्या पाचव्या फ्रेटवर, पाचव्या तारेच्या दहाव्या फ्रेटवर आणि सहाव्या तारेच्या पंधराव्या फ्रेटवरही भेटतो. एकाच इसमाने चार शाखांत चार खाती उघडावीत आणि एकाही शाखेत केवायसी झालेले नसावे, असा प्रकार! म्हणजे प्रत्येक स्केल पुन्हा चार-पाच जागी घोटणे आले. हे सगळे पाठ होईस्तोवर माणसाचा फंड हाती येतो.

ही अतिशयोक्ती वाटेल, पण आमच्या शाखेतल्या एका सहकाऱ्याची गोष्ट ऐका. गृहस्थ चार वर्षे एका क्लासला जात. पावसात गिटारला प्लॅस्टिक गुंडाळून डोंबिवली लोकलने जात. सरांनी सांगितलेली एकूण एक स्केल त्यांनी बाराही सुरांवरून घोटली. निवृत्तीच्या दिवशी निरोप समारंभात सगळ्यांनी आग्रह केला, ‘साहेब, आज काहीतरी वाजवाच!’ त्यांनी गिटार घेतली, डोळे मिटले आणि सी मेजर खालून वर वाजवली. मग वरून खाली वाजवली. आणि थांबले. कारण पुढे काही नव्हतेच. आम्ही टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवायला इतकी लाज पूर्वी कधी वाटली नव्हती. ती गिटार हल्ली माळ्यावर असते. दोष त्या भल्या माणसाचा नाही. पायातून वर यायचा जिना कुठे आहे, हे चार वर्षांत त्यांना कुणी सांगितलेच नाही.

तांत्रिक मुद्दा सांगायचा तर स्केल म्हणजे लिफ्ट. ती वर जाते, खाली येते, प्रत्येक मजल्यावर थांबते. पण आतून कुणी बाहेरच पडत नाही. स्केलला प्रश्न नाही, उत्तर नाही, श्वास घ्यायला जागा नाही. शिवाय ती सातही सुरांना एकाच रांगेत उभे करते. कॉर्ड तसे करत नाही. सी मेजर सेव्हनवर ई किंवा जी या सुरावर येऊन थांबलात, तर घरी आल्यासारखे वाटते. एफवर जोर देऊन रेंगाळलात, तर तोच सूर दाराशी आलेल्या वसुली अधिकाऱ्यासारखा टोचतो. वास्तविक एफ त्याच स्केलमधला! हा फरक स्केल हजार वेळा घोटून कळत नाही. कॉर्ड चालू असताना त्या सुरावर जाऊन बसले, की एका बैठकीत कळतो.

इथे विरुद्ध पक्ष उठून उभा राहतो. ‘सॉनी रॉलिन्सचं काय? तो नाही पुलावर जाऊन रियाज करत बसला?’ बसला ना! 1959 ते 1961 या काळात न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर, शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून, तो तासन् तास सॅक्सोफोन घोटत असे. परत आल्यावर 1962 साली जिम हॉलची गिटार साथीला घेऊन त्याने ‘द ब्रिज’ ही रेकॉर्ड काढली. पण महाशय, ‘सॅक्सोफोन कोलोसस’ त्याने 1956 सालीच वाजवून ठेवली होती. आपले बोलणे अधिक धारदार करायला तो पुलावर गेला. बोलायची परवानगी मिळेपर्यंत तो तिथे थांबला नव्हता.

उलट वेस माँटगोमेरी पाहा. इंडियानापोलिसचा हा माणूस दिवसा नोकरी करी आणि रात्री क्लबात वाजवी. (नोकरदारांनी नोंद घ्यावी.) त्याला स्वरलिपी वाचता येत नसे. त्याने चार्ली ख्रिश्चनच्या रेकॉर्डी ऐकून त्यातले सोलो कानाने उचलले, आणि घरच्यांची झोपमोड नको म्हणून पिकाऐवजी अंगठ्याने वाजवले. त्या अंगठ्याला पुढे जगाने मुजरा केला. आणि जँगो राइनहार्ट? 1928च्या आगीत त्याच्या डाव्या हाताची दोन बोटे निकामी झाली. चार बोटांसाठी छापलेले स्केल्सचे तक्ते त्याला काय कामाचे? तरी 1934 साली पॅरिसमध्ये त्याचा वाद्यमेळ उभा राहिला.

‘अहो, पण आपल्याकडेसुद्धा वर्षानुवर्षं पलटे घोटतात!’ घोटतात. पण समोर गुरू बसलेला असतो. तो एक जागा घेऊन दाखवतो आणि शिष्य ती आपल्या गळ्यातून परत करतो. ही देवाणघेवाण पलट्यांबरोबरच चालते. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातल्या चर्चच्या शाळांतही मुलांना सुरांचे कडक शिक्षण मिळे, पण शिकलेले चर्चमध्ये गायला-वाजवायला लागे. त्याच मातीतला चिक चॉकलेट मुंबईच्या ताजमध्ये ट्रम्पेट वाजवून गेला आणि आपल्या सी. रामचंद्रांच्या गाण्यांत जॅझचा मसाला घालून गेला.

आणि इतके लांब तरी कशाला जा? आमच्या सौभाग्यवतींना भाजीवाल्यापुढे उभे करून पाहा. ‘काय हो भाऊ, काल तर वीस रुपये म्हणालात!’ ही ठरलेली चाल. पुढचे सगळे उत्स्फूर्त. कुठे थांबायचे, कुठे न बोलता पिशवी उचलून दोन पावले चालू लागायचे, सगळे तालात. त्या काही आधी बाराखडी चार ठिकाणी घोटून बाजारात गेल्या नव्हत्या.

मी स्केल्सच्या विरुद्ध नाही. भांडवलाशिवाय धंदा होत नाही, हे मला कॉलेजात शिकवले आहे. पण भांडवल फिरवावे लागते. माझ्याकडे लोकलमधून उतरल्यावर 45 मिनिटे असतात. त्यांतली 10 स्केलला देतो. मग त्याच स्केलमधले फक्त तीन सूर घेतो. मेट्रोनोम दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर लावतो, ओळ आधी तोंडाने गुणगुणतो आणि मगच बोटांना सांगतो. शेवटी एखाद्या रेकॉर्डमधली एक ओळ कानाने उचलतो. बँकेत 90 दिवस ज्या कर्जाचा हप्ता आला नाही, ते अनुत्पादक ठरते. 90 दिवसांत जिने एकही चाल दिली नाही, त्या स्केललाही हाच नियम लावावा, अशी माझी सूचना आहे.

खात्यात ठेवून विसरलेला पैसा दहा वर्षांनी बँकेला रिझर्व्ह बँकेच्या निधीत भरावा लागतो. तिथूनही तो खातेदाराला किंवा त्याच्या वारसाला परत मागता येतो. न वाजवलेल्या सुरांना वारस नसतो. तेव्हा आज तीन सूर वाजवा. उरलेले चार पुढच्या महिन्यात शिकता येतील.