तेल, अफवा आणि माझा एक फॉरवर्ड

नोव्हेंबर २०२३. दुबईतली कॉप-२८ ही हवामान परिषद आठवड्यावर आली होती. आमच्या खानदानाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर चाचांनी एक मेसेज टाकला. मतलब असा : दीडशे वर्षं कोळसा आणि तेल जाळून गोरे देश श्रीमंत झाले, आणि आता मुस्लिम देशांची पाळी आली तेव्हा त्यांना पर्यावरण आठवलं. मी तो न तपासता आणखी तीन ग्रुपांवर पाठवला.

त्यातलं पहिलं वाक्य खरंच आहे. आजवर हवेत साचलेल्या कार्बनमध्ये अमेरिका आणि युरोपचा वाटा मोठा आहे, हे कुणी नाकारत नाही. म्हणूनच दुसरं वाक्य चटकन गळी उतरतं. शिवाय मी ज्या घरात वाढलो त्या घराचा चिरा न् चिरा अब्बांच्या आखातातल्या नोकरीतून आला. कोकणातल्या हजारो मुस्लिम घरांची हीच कथा. आखाताला कुणी बोल लावला की आपल्याला तो घरच्या माणसाला लावल्यासारखा वाटतो.

मेसेज पाठवला त्याच सुमारास बीबीसी आणि सेंटर फॉर क्लायमेट रिपोर्टिंग यांनी फुटलेली कागदपत्रं छापली. कॉप-२८चे अध्यक्ष सुलतान अल जाबेर हे अबू धाबीच्या सरकारी तेल कंपनीचे, अ‍ॅडनॉकचे प्रमुखही होते. परिषदेच्या तयारीसाठी इतर देशांशी होणाऱ्या बैठकांच्या टिपणांत अ‍ॅडनॉकच्या धंद्याचे मुद्दे होते. चीनसाठीच्या टिपणात मोझांबिक, कॅनडा, ऑस्ट्रेलिया इथल्या गॅसमध्ये एकत्र संधी शोधण्याची तयारी नोंदवलेली होती. अल जाबेर यांनी आरोप फेटाळले, असे मुद्दे आपण कधी वापरले नाहीत असं सांगितलं. हेही नोंदवायला हवं.

त्याच संस्थेने चॅनल ४ न्यूजबरोबर सौदी अरेबियाच्या एका सरकारी कार्यक्रमाचा माग काढला. नाव 'ऑइल डिमांड सस्टेनेबिलिटी प्रोग्रॅम'. नाव ऐकून झाडं लावतील असं वाटतं. पण टिकवायची आहे ती तेलाची मागणी, आणि बाजार आफ्रिका व आशियातले गरीब देश : स्वस्त पेट्रोल गाड्या, तेलावर वीज बनवणारी जहाजं, भरमसाट इंधन पिणारी ध्वनीपेक्षा वेगवान विमानं. गुंतवणूकदार बनून गेलेल्या पत्रकारांनी विचारलं, हे मागणी कृत्रिमरीत्या वाढवण्यासाठी आहे का? अधिकाऱ्याने सांगितलं, हो, तोही एक हेतू.

आता माझ्या धंद्याची गोष्ट. जून २०२३ मध्ये 'द गार्डियन'ने मार्क ओवेन जोन्स या संशोधकाचं काम छापलं होतं. ते तेव्हा कतारमधल्या विद्यापीठात शिकवत होते. त्यांना ट्विटरवर किमान शंभर बनावट खाती आणि सुमारे तीस हजार ट्वीट सापडले, सगळे यूएईच्या यजमानपदाची तारीफ करणारे. ती कुणी चालवली ते ठरलं नाही. पण मी बॅकएंड लिहितो, शंभर खाती चालवणं हे किती किरकोळ काम आहे ते मला माहीत आहे. चाचांचा मेसेज कुठून निघाला हे मी शोधू शकलो नाही. शोधण्याचं सुचलंच मुळात उशिरा.

मग हा गोऱ्यांचा कट आहे या म्हणण्याचं काय? २०१५ मध्ये इनसाइड क्लायमेट न्यूज या छोट्या अमेरिकन संस्थेने एक्सॉनची जुनी कागदपत्रं बाहेर काढली. कंपनीचे शास्त्रज्ञ जेम्स ब्लॅक यांनी १९७७ मध्येच वरिष्ठांना सांगितलं होतं की इंधन जाळल्याने पृथ्वी तापते आहे. वीस वर्षांनी, १९९७ मध्ये, कंपनीचे प्रमुख ली रेमंड बीजिंगमधल्या भाषणात म्हणाले की पृथ्वी वीस वर्षांपूर्वीपेक्षा थंड आहे. २०२३ मध्ये 'सायन्स'मध्ये आलेल्या अभ्यासाने एक्सॉनची अंतर्गत भाकितं तपासली. ६३ ते ८३ टक्के अचूक निघाली. सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर लॉगमध्ये एरर स्पष्ट दिसत होता आणि ग्राहकाला 'सगळं ठीक आहे' असा मेल जात होता.

आणि नव्वदच्या दशकातल्या हवामान वाटाघाटींत डॉन पर्लमन नावाचा एक अमेरिकन वकील वावरायचा. रेगन सरकारात काम केलेला, कोळसा-तेलवाल्यांची बाजू घेणारा. सौदी आणि कुवेतच्या प्रतिनिधींना सल्ले आणि चिठ्ठ्या पुरवण्यासाठी तो प्रसिद्ध होता. म्हणजे आपल्याला ज्यांच्यात जंग दिसते ते त्या हॉलमध्ये एकाच बाकावर होते. एका बाजूला तेल विकणारे, दुसरीकडे आपण सगळे.

'आपण सगळे' म्हणजे कोण, ते जून २०२४ मध्ये मक्केत दिसलं. १७ जूनला मस्जिद-उल-हरामपाशी ५१.८ अंश तापमान नोंदलं गेलं. त्या हजमध्ये १,३०१ माणसं गेल्याचं सौदी सरकारनेच जाहीर केलं. दहापैकी आठांहून जास्त विनापरवाना आलेली होती, म्हणजे ज्यांना अधिकृत पॅकेज परवडलं नाही आणि थंडगार तंबूही मिळाला नाही अशी. गर्मीत कोण मरतं ते यातून कळतं.

हे सगळं दूरचं वाटत असेल, तर राजापूरला या. रत्नागिरीच्या नियोजित रिफायनरीसाठी २०१८ मध्ये करार करणारे दोन परदेशी भागीदार होते सौदी अरामको आणि अ‍ॅडनॉक. नाणारला विरोध झाला, २०१९ मध्ये तिथली जागा रद्द झाली, मग बारसूचं नाव आलं. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी 'महानगरी टाइम्स'चे पत्रकार शशिकांत वारिशे यांची बातमी छापून आली : रिफायनरीच्या एका समर्थकाचे बड्या नेत्यांसोबतचे फोटो फलकांवर झळकल्याची. त्याच दिवशी त्यांना गाडीने चिरडलं. दुसऱ्या दिवशी ते गेले. बातमी ज्याच्याबद्दल होती त्यालाच खुनाच्या आरोपाखाली अटक झाली. तेल कंपन्यांचा यात हात होता असं मी म्हणत नाही. पण तेलाच्या प्रकल्पाची बातमी देण्याची किंमत काय असते, हे लंडन-न्यूयॉर्कच्या पत्रकारांपेक्षा आमच्या तालुक्यातल्या त्या माणसाने जास्त मोजली.

सूरह हुजुरातमधली बातमी पारखून घेण्याची ताकीद आपण मीडियाने मुसलमानांबद्दल खोटं छापलं की लगेच आठवतो. आठवायलाच हवी. पण बातमी आपल्या बाजूची वाटली की ती ताकीद लागू होत नाही, असं तिथे कुठे म्हटलंय?

मी त्या तीनही ग्रुपांवर दुरुस्ती पाठवली. चाचांना फोन केला. ते म्हणाले, "तू तुझ्या अब्बांच्या कमाईला शिव्या देतोस." मी नाही म्हणालो, आणि बराच वेळ आम्ही दोघंही गप्प होतो. अब्बांनी उन्हात घाम गाळला, कुठल्याही बोर्डरूममध्ये बसून खोटं बोलले नाहीत, हे मला त्यांना नीट सांगता आलं नाही.

हा लेख वाचणाऱ्यांत इंजिनिअरिंगची मुलं-मुली बरीच असणार. वर सांगितलेल्या तपासांतलं बहुतेक सगळं इंग्रजीत आहे. मराठी आणि उर्दूत त्याचा थोडक्यात गोषवारा करून घरच्या ग्रुपवर टाकायला एक रविवार पुरतो. खात्यांच्या तारखा आणि एकसारखी वाक्यं शोधणारी छोटी स्क्रिप्ट लिहायला आणखी एक. ज्यांना सोबत करायची आहे त्यांनी कळवा, मी पहिला तपास भाषांतरायला घेतला आहे.