आघाडीच्या मागची माणसे

१५ ऑगस्ट आणि २६ जानेवारी या दोन दिवशी दूरचित्रवाणीवर युद्धपट लागणार, हे आता पंचांगाइतके निश्चित झाले आहे. घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीच्या घरांतून त्या दिवशी दुकान बंद असल्यामुळे सारे कुटुंब एकत्र बसलेले असते. पडद्यावर तोफा धडधडू लागल्या की घरातील एखादी वडीलधारी व्यक्ती मात्र हळूच उठून आतल्या खोलीत जाते. हिंसा खोटी असली, चित्रातली असली, तरी ती आवडीने पाहू नये, ही तिची धारणा. नातवंडांना हे पटत नाही. शौर्य पाहायचे तर ते दुसरीकडे कोठे पाहायचे, असा त्यांचा प्रश्न असतो. आजी आणि नातू यांचे मतभेद कितीही असोत, एका बाबतीत दोघांचे न बोलता एकमत असते: युद्धपट म्हणजे मारणाऱ्यांची आणि मरणाऱ्यांची कथा. हे गृहीतच एकदा तपासून पाहण्याजोगे आहे.

व्यापारी घरात वाढलेल्या माणसाला खरे तर हे समजावून सांगावे लागू नये. दुकानात गिऱ्हाइकाला दिसतो तो गल्ल्यावर बसलेला शेठ आणि माल दाखवणारा नोकर. वखारीत पोती मोजणारा, वाहतुकीची पावती सांभाळणारा, रात्री रोजमेळ जुळवणारा गिऱ्हाइकाला कधी दिसत नाही. पण तो चार दिवस आला नाही तर दुकानाचे काय होते, हे शेठला ठाऊक असते. सैन्याचेही तसेच आहे. महाराष्ट्रात तर सैन्याच्या या पिछाडीचे मोठे संसार आहेत. वर्धा जिल्ह्यातील पुलगावला दारूगोळ्याचे मध्यवर्ती भांडार आहे, कामठीला सैन्याच्या टपालसेवेचे केंद्र आहे, खडकीला दारूगोळ्याचा कारखाना आहे. येथील माणसांनी शत्रूला कधी पाहिलेले नसते. ३१ मे २०१६ च्या पहाटे पुलगावच्या भांडारात आग लागून स्फोट झाले आणि अधिकारी, जवान, अग्निशमन कर्मचारी असे अनेकजण प्राणास मुकले. तेव्हा देशात कोठेही युद्ध चालू नव्हते.

चित्रपटवाल्यांना या माणसांची आठवण क्वचितच होते. जे. पी. दत्ता यांच्या १९९७ च्या ‘बॉर्डर’मध्ये लोंगेवालाच्या चौकीवर भागीराम नावाचा स्वयंपाकी आहे, कुलभूषण खरबंदा यांनी ती भूमिका केली आहे. चित्रपट पाहिलेल्या बहुतेकांना सनी देओल यांच्या आरोळ्या आठवतात, भागीराम आठवण करून द्यावा लागतो. तरीही दुय्यम भूमिकेत का होईना, तो तेथे आहे, ही दत्ता यांची जमेची बाजू मानावी लागेल.

पिछाडीच्या शिपायालाच नायक करणारा अलीकडचा चित्रपट म्हणजे कबीर खान यांचा ‘चंदू चॅम्पियन’. तो १४ जून २०२४ रोजी प्रदर्शित झाला आणि त्यात कार्तिक आर्यन यांनी मुरलीकांत पेटकर यांची भूमिका केली. पेटकर हे सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे. सैन्यात ते होते इलेक्ट्रॉनिक्स व मेकॅनिकल इंजिनिअर्स या दलात, म्हणजे यंत्रे आणि वाहने दुरुस्त करणाऱ्या दलात. त्यांचा हुद्दाच ‘क्राफ्ट्समन’, साध्या मराठीत कारागीर. मुष्टियोद्धा म्हणून सैन्यात त्यांचे नाव झाले होते. १९६५ च्या युद्धात छावणीवर हवाई हल्ला झाला. त्यात पेटकरांना अनेक गोळ्या लागल्या. एक गोळी पाठीच्या कण्यात राहिली आणि कमरेखालचे शरीर निकामी झाले. एखाद्या सामान्य युद्धपटात येथे नायकाची चिता पेटली असती, बिगूल वाजला असता आणि प्रेक्षक रुमाल काढून घरी गेले असते. या चित्रपटाची खरी कथा येथून पुढे सुरू होते, आणि ती बव्हंशी रुग्णालयाच्या खाटेवर आणि पोहण्याच्या तलावात घडते.

हे रुग्णालय मुंबईतीलच, कुलाब्याचे नौदलाचे ‘अश्विनी’. पोहणे त्यांना प्रथम उपचार म्हणून सांगण्यात आले. १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथील अपंगांच्या ऑलिंपिक स्पर्धेत पेटकरांनी ५० मीटर मुक्तशैलीत ३७.३३ सेकंदांची विक्रमी वेळ देऊन सुवर्णपदक मिळवले. या स्पर्धांमध्ये भारताला मिळालेले हे पहिले वैयक्तिक सुवर्णपदक. पुढे त्यांनी पुण्याच्या टेल्कोत नोकरी केली आणि जगाने त्यांना सोयीस्करपणे विसरून टाकले. पद्मश्री मिळाली ती २०१८ साली. पदक १९७२ चे, सन्मान २०१८ चा. मध्ये ४६ वर्षे. बँकेच्या पुस्तकात एखादी जमा रक्कम इतकी वर्षे नोंदीविना पडून राहिली असती तर किती लोकांची चौकशी झाली असती! चित्रपटाने अनेक ठिकाणी आपल्या पदरचे रंग भरले आहेत, विनोदही थोडा सैल सोडला आहे. तथापि ही थकलेली नोंद त्याने लाखो लोकांपुढे आणली, हे मान्य केले पाहिजे.

या हकिगतीत व्यापारी वाचकांनी विशेष लक्षात ठेवावे असे एक नाव आहे. परदेशी स्पर्धांना जायचे तर तिकिटाचे पैसे कोठून आणायचे, हा पेटकरांसारख्या खेळाडूंपुढचा पहिला प्रश्न होता. त्यासाठी हातभार लावला तो विजय मर्चंट यांच्या संस्थेने. क्रिकेटमधील विजय मर्चंट सर्वांना माहीत आहेत. मुंबईच्या कापडगिरणी व्यवसायातील हा गृहस्थ अपंगांच्या पुनर्वसनासाठी किती झटला, हे फार थोड्यांना माहीत असते. जैन समाजात राणा प्रतापांना धन देणाऱ्या भामाशहाचे नाव मुलांना आवर्जून सांगितले जाते, आणि ते सांगावेच. पण भामाशहा चारशे वर्षांपूर्वीचे. एका जखमी कारागिराचे विमानाचे तिकीट काढून देणारा मुंबईकर आजोबांच्या पिढीतला होता, हे कळले तर मुलांना ती गोष्ट अधिक जवळची वाटेल.

मुलुंड आणि घाटकोपरमधील कच्छी कुटुंबांना दुसरे एक उदाहरण सांगण्याची गरज नाही. त्यांच्या घरांतून ते सांगितलेच जाते. डिसेंबर १९७१ मध्ये मुंबईकर खिडक्यांच्या काचांना काळा कागद चिकटवून बसले होते, तेव्हा भूजच्या विमानतळावर बॉम्ब पडत होते. धावपट्टी उखडली गेली. दुरुस्तीला पुरेसे मनुष्यबळ नव्हते. तळाचे प्रमुख स्क्वाड्रन लीडर विजय कर्णिक यांनी जवळच्या माधापर गावाकडे मदत मागितली आणि सुमारे ३०० जण, त्यांतील बहुतेक स्त्रिया, कामाला आल्या. मुले घरी शेजाऱ्यांवर सोपवून आलेल्या या बायांनी ७२ तासांत धावपट्टी पुन्हा विमान उतरण्याजोगी केली. वरून दिसू नये म्हणून पट्टीवर शेणाचा थर दिला, हिरवट लुगडी नेसली, भोंगा झाला की झुडपांत लपायचे आणि धोका टळल्याचा भोंगा झाला की पुन्हा घमेली उचलायची. पहिल्या दिवशी पोटात अन्न नव्हते. दुसऱ्या दिवशी जवळच्या मंदिरातून फळे आणि मिठाई आली.

यावर २०२१ साली ‘भुज : द प्राइड ऑफ इंडिया’ हा चित्रपट निघाला, आणि तो पाहून निराशा झाली नसेल असा कच्छी माणूस विरळा. घमेली, शेण, भोंगे आणि भूक यांत इतके नाट्य असताना दिग्दर्शकाने विमाने, स्फोट आणि हाणामारी यांवरच भर दिला. ३०० बायांच्या वाट्याला थोडी मिनिटे आली आणि त्यांच्या वतीने सोनाक्षी सिन्हा यांची एक नायिका आली. अजय देवगण यांचे कर्णिक मात्र सर्वत्र आहेत. प्रत्यक्षातील कर्णिकांचे मोठेपण वेगळ्याच गोष्टीत होते. लष्करी तळाचे काम गावातल्या बायका करू शकतील, हा विश्वास त्यांनी दाखवला. तो विश्वास पडद्यावर दाखवायला गोळीबाराची गरज नव्हती, आणि बहुधा म्हणूनच तो दाखवला गेला नाही.

खरे तर हे कसे करावे, याचा धडा मुंबईतच ७५ वर्षांपूर्वी गिरवून झाला होता. व्ही. शांताराम यांनी परळच्या राजकमल कलामंदिरातून १९४६ साली ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ काढला. सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस हे मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजचे विद्यार्थी. जपानने चीनवर आक्रमण केल्यानंतर काँग्रेसने १९३८ साली पाच डॉक्टरांचे पथक चीनला पाठवले. त्यात कोटणीसांखेरीज नागपूरचे डॉ. चोळकर हे दुसरे मराठी डॉक्टर होते. बाकीचे यथावकाश परतले, कोटणीस राहिले. चिनी सैन्याच्या आठव्या पथमार्ग सेनेत ते दाखल झाले, पुढे बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक झाले, क्वो छिंगलान या परिचारिकेशी विवाहबद्ध झाले, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी अवघ्या बत्तिसाव्या वर्षी आजाराने गेले. मुलगा तेव्हा काही महिन्यांचा होता. त्याचे नाव ‘यिनह्वा’, म्हणजे भारत आणि चीन.

ख्वाजा अहमद अब्बास यांच्या पुस्तकावरून हा चित्रपट बेतला होता. पटकथेत त्यांच्या जोडीला व्ही. पी. साठे होते, संगीत वसंत देसाई यांचे होते, आणि कोटणीसांची भूमिका स्वतः शांतारामांनी केली. छिंगलानच्या भूमिकेत जयश्री होत्या. आजच्या प्रेक्षकाला त्यातील अभिनय थोडा नाटकी वाटेल, चिनी वेशातील मराठी चेहरे पाहून नातवंडे हसतीलही. त्यांना हसू द्यावे. गणवेश घातलेला, रोज मृत्यूच्या शेजारी राहणारा आणि तरीही कोणाच्याही अंगावर शस्त्र न उगारणारा नायक हिंदी पडद्यावर त्यानंतर फार वेळा आलेला नाही. आतल्या खोलीत उठून जाणाऱ्या आजीला बाहेर बोलावून दाखवावा, असा हा युद्धपट आहे.

येथवरची उदाहरणे मनाला समाधान देणारी आहेत. चौथे तसे नाही, आणि बाजारात बसणाऱ्या माणसाला ते सर्वांत जवळचे आहे. नाना पाटेकर यांनी १९९१ साली ‘प्रहार’ दिग्दर्शित केला आणि त्यात मेजर चव्हाण ही भूमिकाही केली. पूर्वार्ध बेळगावच्या कमांडो प्रशिक्षणाचा आहे. त्यासाठी नानांनी प्रत्यक्ष प्रशिक्षण घेतले होते. चव्हाणांचा एक विद्यार्थी, पीटर डिसूझा, ओलिसांना सोडवताना पाय गमावतो आणि मुंबईला घरी परततो. घरची बेकरी आहे. गल्लीतले गुंड हप्ता मागायला येतात. पीटर देत नाही. त्याला ठार मारले जाते. मेजर त्याच्या लग्नाला म्हणून येतात तेव्हा त्यांना ही हकिगत कळते, आणि त्याहून वाईट म्हणजे, ज्यांनी पाहिले ते सारे गप्प आहेत.

मुंबईच्या उपनगरांतील व्यापाऱ्याला हा हप्ता काय असतो, हे १९९१ साली चित्रपट पाहून कळले असे नाही. पुढची काही वर्षे तर खंडणीच्या दूरध्वनीने अनेक घरांची झोप उडाली होती. १२ ऑगस्ट १९९७ रोजी अंधेरीत मंदिरातून बाहेर पडणारे गुलशन कुमार दिवसाढवळ्या गोळ्यांना बळी पडले. फळांच्या रसाच्या दुकानापासून वर आलेला तो एक व्यापारीच होता. त्या काळात पैसे मुकाट्याने देऊन टाकणाऱ्यांना आज भ्याड म्हणणे सोपे आहे. मुलाबाळांचा जीव पणाला लागला असता माणूस काय करील, हे गादीवर बसून ठरवता येत नाही.

चित्रपटाच्या उत्तरार्धात मेजर चव्हाण कायदा हातात घेतात आणि गुंडांना शोधून ठार मारतात. चित्रपटगृहात टाळ्या पडतात त्या येथे, आणि येथेच त्यांच्याशी सहमत होता येत नाही. श्रावकाचारात हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार प्रकार सांगितले आहेत. सीमेवरचा सैनिक करतो ती विरोधी हिंसा, स्वतःच्या आणि इतरांच्या रक्षणापुरती. ठरवून, शोधून मारणे ही संकल्पी हिंसा. गृहस्थालाही ती वर्ज्यच. चव्हाण ही रेषा ओलांडतात, आणि नानांचा प्रामाणिकपणा असा की न्यायालय त्यांना मोकळे सोडत नाही, वेड्यांच्या रुग्णालयात पाठवते. पीटरने मात्र ती रेषा ओलांडली नव्हती. त्याने कोणाला मारले नाही. हप्ता देणार नाही, एवढेच तो म्हणाला, आणि तेही पाय गेल्यानंतर, घरच्या बेकरीत.

त्या गल्लीतील एकाने जरी पोलिसांकडे जाऊन जबाब दिला असता, तरी मेजर चव्हाणांना काही करण्याचे कारण उरले नसते. साक्ष देण्यासाठी बेळगावचे प्रशिक्षण लागत नाही. लहान मुलांना हा चित्रपट दाखवू नये, त्यातील मारहाण फार आहे. दुकानाचा कारभार हाती घेऊ लागलेल्या मुलाला मात्र एकदा सोबत बसवून दाखवावा, आणि पीटरच्या शेजाऱ्यांपैकी आपण कोण असतो, हे त्याला विचारावे. त्याआधी बापाने ते स्वतःला विचारलेले असावे.