४५५ पाठ आहे, पुढे काय?

व्हायवाला एक्स्टर्नल विचारतात, "सुपरहेटचा आयएफ किती?" शेवटच्या बाकावरचाही सांगतो, "४५५ किलोहर्ट्झ, सर." "का?" म्हटलं की शांतता. माझ्या मते यात दोष पोरांचा कमी आणि लॅबमधल्या बंद किटचा जास्त. पॅनलवर ब्लॉक डायग्राम छापलेला. दोन पॅचकॉर्ड खोचायच्या, वेव्हफॉर्म उतरवायचा, सही घ्यायची. (वेव्हफॉर्म बऱ्याचदा मागच्या बॅचच्या जर्नलमधूनच उतरतो, हे सरांनाही ठाऊक आहे.)

त्या किटऐवजी बिटएक्स-२० बघा. हैदराबादच्या अशर फरहान यांनी डिझाइन केलेला २० मीटर बँडचा ट्रान्सीव्हर. पार्ट सगळे साधे, कॉइल गुंडाळायला चक्क नळाचा वॉशर.

अँटेनावर १४ मेगाहर्ट्झचा काही मायक्रोव्होल्टचा सिग्नल येतो, सोबत साऱ्या जगाचा गोंगाट. आपल्याला हवा जेमतेम ३ किलोहर्ट्झ रुंदीचा एक आवाज. १४ मेगाहर्ट्झवर इतकी अरुंद, शिवाय हवी तिकडे सरकणारी चाळणी बनवणं महाकठीण. मग चाळणी हलवायचीच नाही, सिग्नललाच तिच्यापाशी आणायचं! मिक्सरमध्ये ४ मेगाहर्ट्झचा ऑसिलेटर दिला की १४ वजा ४, म्हणजे १०. तिथे क्रिस्टल फिल्टर ठाण मांडून बसलेला. दुसरा कुणी ऐकायचा तर फक्त ऑसिलेटर फिरवायचा. पुढे दुसरा ऑसिलेटर त्या १० मेगाहर्ट्झचा ऐकू येणारा आवाज करतो. सुपरहेटची ही युक्ती आर्मस्ट्राँगने १९१८ साली काढली.

पण मिक्सर बेरीजही करतो. ६ मेगाहर्ट्झचा सिग्नल आत शिरला तर ६ अधिक ४, तेही १०च. ही इमेज फ्रीक्वेन्सी, म्हणजे कूपन नसताना मेसमध्ये पंगतीला बसलेला पाहुणा. एकदा दोघे १० वर आले की क्रिस्टल फिल्टरला ते वेगळे करता येत नाहीत. तिला दारातच, मिक्सरच्या आधीच्या बँडपास फिल्टरने अडवावं लागतं.

४५५चं कोडं इथेच सुटतं. मीडियम वेव्हच्या रेडिओत इमेज आयएफच्या दुप्पट, म्हणजे ९१० किलोहर्ट्झ लांब पडते. आयएफ कमी केला तर अरुंद फिल्टर सोपा, पण इमेज जवळ येते. वाढवला तर उलट. मधली तडजोड म्हणजे ४५५. हे फळ्यावरही सांगता येतं, कबूल. पण स्वतः गुंडाळलेल्या कॉइलमुळे हेडफोनमध्ये भलताच आवाज घुसला की ते जन्मभर विसरता येत नाही.

कुणी म्हणेल, आता सगळं सॉफ्टवेअरमध्ये होतं. होतं ना! पण स्वस्तातला एसडीआर डोंगलसुद्धा जवळच्या दणकट स्टेशनने गुदमरतो, आणि तेव्हा पुढे फिल्टरच जोडावा लागतो.

म्हणून डिपार्टमेंटला विनंती: तिसऱ्या वर्षाची चार प्रॅक्टिकल्स रद्द करून चौघांच्या गटाला बिटएक्सचा फक्त रिसीव्हर बांधू द्या. ट्रान्समीटरला हॅमचा परवाना लागतो, तो भाग नंतर पाहू. पार्ट जळतील, वर्गणी आम्ही काढू. लॅब मात्र पाचनंतर उघडी हवी.