शाळेचे माप आणि बारदान

महानगरपालिकेच्या उच्च प्राथमिक शाळांचा विषय निघाला की आमच्या सुशिक्षित घरांत निकाल अगोदरच लागलेला असतो: तेथे काही शिकवीत नाहीत! पुरावा काय, तर आपला मुलगा ज्या खाजगी शाळेत जातो तेथील शेकडा गुण. हा न्याय आम्हांस मान्य नाही. तो का मान्य नाही, हे कळण्यास पुण्याच्या मार्केट यार्डापर्यंत जाणे पुरे आहे.

तेथे पोते काट्यावर चढले की बारदान वजा करून मगच मालाचे वजन धरतात. गोणपाटाचे दाम धान्याच्या भावाने कोण देईल? शाळा मात्र आम्ही बारदानासकट तोलतो. सुखवस्तू मुलाच्या गुणांत शाळेचा वाटा किती, संध्याकाळी जवळ घेऊन बसणाऱ्या आईचा किती आणि शिकवणीच्या फीचा किती, हे कोणी वजा करीत नाही. यार्डाजवळच्या वस्तीतील ज्या मुलाचा बाप दिवसभर पाठीवर पोती वाहतो, त्याच्या अभ्यासास शाळेवाचून दुसरा आधार बहुधा नसतो. पाचवीत येताना त्यास काय येत होते व आठवी सोडताना काय येते, यांतील अंतर हेच त्या शाळेचे काम होय.

वाद जुना आहे. १८६२ साली इंग्लंडात रॉबर्ट लो यांनी परीक्षेच्या निकालावर शाळांचे अनुदान ठरविले. शिक्षक घोकंपट्टीस लागले आणि शतक संपण्यापूर्वी ती पद्धत सोडून द्यावी लागली. आमच्याकडेही तिचे अनुकरण झाले. १८८२ साली हंटर आयोगापुढील निवेदनात जोतीराव फुले यांनी, गरीब व अशिक्षित लोकांत विद्येचा प्रसार करण्यास ही पद्धत निरुपयोगी आहे, असे स्पष्ट सांगितले. पुण्याच्याच माणसाचे हे म्हणणे पुण्याने विसरावे, हे नवल खरे.

याचा अर्थ गरिबीचे नाव पुढे करून शाळेने सुटावे असा मुळीच नव्हे. सातवीतील मुलास दुसरीचा धडा वाचता येत नसेल तर त्याचा जाब शाळेनेच दिला पाहिजे. बारदान वजा जाता पोत्यात काहीच उरत नसेल, तर दोष हमालाचा नव्हे. पण आज जाब कोण देतो? २०१० साली शिक्षणहक्काचा कायदा अमलात आला तेव्हा आठवीपर्यंत कोणास मागे ठेवावयाचे नव्हते. २०१९ साली कायदा बदलला, आणि २०२३ साली महाराष्ट्राने पाचवी व आठवीस वार्षिक परीक्षा लावली. फेरपरीक्षेतही जो नापास, तो त्याच वर्गात. म्हणजे शिकविणारे अनुत्तीर्ण ठरत नाहीत. वर्ष जाते ते पोराचे.

आमची मागणी फार मोठी नाही. त्याच मुलाचे वाचन व गणित जूनमध्ये एकदा आणि मार्चमध्ये एकदा तपासावे, आणि दोन्ही निकाल शाळा व्यवस्थापन समितीपुढे मोठ्याने वाचावेत. त्या समितीत तीन चतुर्थांश पालक असावेत असे कायदाच सांगतो. मात्र सभेची वेळ यार्डातील काम आटोपल्यानंतरची ठेवावी; ऐन मालाच्या वेळी बोलाविलेला हमाल येणार कसा?