तपासले, पण पुढे काय?

मी मॅट्रिक झालेला मास्तर. कादंबऱ्या लिहितो, हा दुसरा गुन्हा. तेव्हा वैद्यकशास्त्रात तोंड घालण्याचा तुला अधिकार काय, असे कोणी विचारण्यापूर्वीच सांगून टाकतो: सिकलसेल झालेल्या एका पोराला कामचुकार ठरवून मी उन्हात उभे केले आहे. एवढा अधिकार मला पुरे आहे.

वैतरणेची गोष्ट. वारल्याचा पोर. पावसाळ्यात आठ-आठ दिवस शाळेत फिरकत नसे. आला की म्हणे, हाडे दुखतात. मी समजलो, ढोंग. पुढे एक दिवस तपासणीचे पथक आले. बोटे टोचली, नावे लिहिली, फोटो काढला आणि दुपारच्या गाडीने पथक परत गेले. काही महिन्यांनी आकडा आला: इतके तपासले, इतके सापडले. सापडले ते कोण, हे वर्गात रोज त्यांच्यासमोर उभ्या राहणाऱ्या मास्तराला कोणी सांगितले नाही! बापाच्या हाती एक कार्ड पडले. रेशनला ते चालत नाही, म्हणून त्याने ते कुडात खोचून ठेवले होते. मी सहज घरी गेलो आणि काढून वाचले, तेव्हा कळले. ऊन, तहान, गारठा, अतिश्रम यांनीच ही कळ उठते, हे त्याहून नंतर कळले.

वास्तविक यात अज्ञात असे काही उरलेले नाही. प्राणवायू सुटला की सदोष हिमोग्लोबिनच्या कांड्या होतात, तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिनीत अडकते. हेरिकने शिकागोत १९१० साली या पेशींचे वर्णन केले. १९४९ साली पॉलिंगने दोष रेणूतच असल्याचे दाखविले. १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत तो आढळला. औषधही आहे. हायड्रॉक्सियुरियाने गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन पुन्हा वाढते आणि पेशी वाकेनाशा होतात. नागपूरच्या डॉ. दीप्ती जैन व सहकाऱ्यांनी मुलांना दर किलो वजनास १० मिलिग्रॅम एवढ्या अल्प मात्रेत ते देऊन पाहिले. वेदनेचे झटके कमी झाले, रक्त चढविण्याची वेळ कमी आली. हे २०१२ साली छापून आले आहे. मग अडले कुठे?

साहेबलोक म्हणतात, आदिवासी गोळ्या खात नाहीत. छान! पण ही काही तापाची गोळी नव्हे. ती वर्षानुवर्षे रोज घ्यायची. गुण यायला महिने लागतात. आणि तिच्यामुळे पांढऱ्या पेशी घटू शकतात, म्हणून वरचेवर रक्त मोजावे लागते. प्रत्येक मोजणीला बापाची एक दिवसाची मजुरी, डहाणूची गाडी, पालघरची रांग. त्याच गाडीने पालघरच्या पुढे बोईसर लागते. तिथे तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत औषधांचे कारखाने रात्रंदिवस चालतात. औषधे बनविणे आपल्याला साधले. पाच स्टेशने अलीकडे मोजणीची सोय करणे मात्र साधत नाही.

तपासणीच नको म्हणणाऱ्यांतला मी नव्हे. १ जुलै २०२३ रोजी शहडोलला राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत उच्चाटन, असा संकल्प सुटला. उत्तम. पण उच्चाटन कशाच्या बळावर? पत्रिकेसारखी कार्डे जुळवून? दोघेही वाहक असले, तर दर बाळंतपणी चारांत एक धोका, हे खरे. पण वाहक म्हणजे रोगी नव्हे, हे समजावून सांगायला कोणी थांबत नाही. मग वाहक मुलगा 'धडधाकट' राहतो आणि वाहक मुलगी तेवढी 'रक्ताची खराब' ठरते! ज्याला अर्थ सांगायला सवड नाही, त्याने सुई टोचू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. निदान निकाल मास्तराच्या कानावर घालावा, आणि टोचायला आली तीच जीप दर तिमाहीस मोजायला यावी. यात कोणते संशोधन अडले आहे?

तो पोर यंदा सातवीत आहे. पाण्याची बाटली बाकावर ठेवायची मी त्याला मुभा दिली आहे. गोळ्या गेल्या पंधरवड्यात संपल्या. बाप मंगळवारी पालघरला जाणार होता, पण भातकापणी सुरू झाली.