नामी खेळाडू, बांधलेला गल्ला

अमेरिका-कॅनडातील बर्फावरच्या हॉकीशी आम्हा कापडवाल्यांचा संबंध काय, असे वाचक विचारतील. संबंध हिशेबाचा आहे.

2004-05 चा सारा हंगाम पगाराच्या वादात बुडाला. 2005 पासून तेथील एनएचएल लीगमध्ये प्रत्येक संघाच्या एकूण पगाराला मर्यादा आहे. मालक कितीही धनवान असो, गल्ला बांधलेलाच.

शिकागो संघाने 2010, 2013 आणि 2015 मध्ये स्टॅन्ली कप जिंकला. 2014 मध्ये जोनाथन टेव्झ व पॅट्रिक केन यांच्याशी आठ-आठ वर्षांचे करार झाले; प्रत्येकी वर्षाला 1 कोटी 5 लाख डॉलर. 2015-16 ची मर्यादा होती 7 कोटी 14 लाख. म्हणजे रुपयातले जवळजवळ पावणेपाच आणे दोघांचेच! ब्रँडन सादसारखा तरुण गडी 2015 मध्येच दुसऱ्या संघाला द्यावा लागला. पुढे कोरोनामुळे मर्यादा 2019-20 पासून तीन हंगाम 8 कोटी 15 लाखांवर थांबली. 2015 नंतर शिकागोला कप मिळालेला नाही.

उलट पिट्सबर्गच्या सिडनी क्रॉसबीने वर्षाला 87 लाखांवर बारा वर्षांचा करार केला. संघाने 2016 व 2017 चे कप जिंकले. 2024 मध्येही त्याने त्याच रकमेवर सही केली.

आमचे मत असे: उस्ताद कारागिराला मोल द्यावेच, पण लांबचा करार उद्याच्या तेजीच्या भरवशावर करू नये. मधल्या कारागिरांचा वाटा आधी बाजूला काढावा. ताणा रेशमी असला, तरी बाणा विरळ पडला तर ताका खपत नाही.