सलग १३ वर्षं एकच विजेता

उत्तर आयर्लंडमधल्या आर्मा काउंटीची क्लब फुटबॉल स्पर्धा १९९६ ते २००८ अशी सलग १३ वर्षं एकाच क्लबने जिंकली. क्लबचं नाव क्रॉसमग्लेन रेंजर्स. (हे आपलं नेहमीचं फुटबॉल नव्हे बरं का, गेलिक फुटबॉल. एका बाजूला १५ जण, चेंडू हातात घेतलेला चालतो, जाळ्यात गेला तर ३ गुण, आडव्या दांडीवरून गेला तर १. २०२५ पासून लांबून मारला तर २ सुद्धा मिळतात.)

ऑफिसात चहाच्या वेळी हे सांगितलं तर लगेच शेरा आला, "मोनोपॉली! मग बाकीच्यांनी खेळायचं तरी कशाला?"

मला हे पटत नाही. मोनोपॉली पैशाच्या जोरावर येते, इथे पैसाच नाही. १८८४ साली स्थापन झालेली जीएए ही संघटना हौशी आहे, खेळाडूला मानधन नाही, लिलाव तर नाहीच नाही. माणूस साधारणपणे जिथे वाढला तिथल्या क्लबकडून खेळतो आणि बहुतेकांचा तोच क्लब जन्मभराचा. क्रॉसमग्लेन म्हणजे सीमेलगतचं दीड-दोन हजार वस्तीचं गाव. १९७० च्या दशकात ब्रिटिश लष्कराने क्लबच्या जागेचा काही भाग घेतला, आणि सैन्य गावातून हललं ते थेट २००७ मध्ये. म्हणजे यातली बहुतेक विजेतेपदं लष्करी तळाला खेटून असलेल्या मैदानावर घाम गाळून मिळालेली!

आता दुसरी बाजू. १९९६ मध्ये दुसऱ्या एखाद्या क्लबात अठराव्या वर्षी आलेला पोरगा २००८ मध्ये तिशीचा झाला, हाती काही नाही. वाईट वाटतंच. २००९ मध्ये पिअर्स ओगने ही साखळी तोडली तेव्हा अख्ख्या काउंटीने सुस्कारा सोडला असणार :-) (पुढची सहा वर्षं पुन्हा क्रॉसमग्लेनच, ते सोडा.) पण २००२ मध्ये आर्माने पहिल्यांदा ऑल-आयर्लंड जिंकलं, तेव्हा मॅनेजर होते जो कर्नन, ज्यांनी आधी क्रॉसमग्लेनला तीनदा देशातला अव्वल क्लब बनवलं होतं. अंतिम सामन्यातला आर्माचा गोल ओशीन मॅकॉनव्हिलचा, तोही याच गावचा. फायदा सगळ्या काउंटीला झाला की नाही?

मला खरी धास्ती वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. २०२२ मध्ये गॉलवे काउंटीचा स्टार शेन वॉल्श आपला गावाकडचा क्लब सोडून डब्लिनच्या किलमकड क्रोक्समध्ये गेला. हा उपनगरातला हजारो सभासदांचा क्लब. त्यांनी त्या वर्षी डब्लिनची स्पर्धा जिंकली आणि जानेवारी २०२३ मध्ये ऑल-आयर्लंडही. वॉल्श डब्लिनमध्ये राहायचा, दर वेळी देशाच्या दुसऱ्या टोकाला सरावाला जाणं म्हणजे चेष्टा नाही. मी स्वतः नोकरीसाठी गाव सोडून पुण्यात आलोय, त्याला कुठल्या तोंडाने नावं ठेवू? नियमात बसत होतं, त्याने केलं.

पण नोकऱ्या शहरात आणि माणसंही शहरात, मग गावाच्या क्लबात पंधरा जण उभे कुठून करायचे? क्रॉसमग्लेनच्या १३ विजेतेपदांनी कुणाचा एकही खेळाडू पळवला नव्हता. जीएएला काही रोखायचंच असेल तर मोठ्या क्लबांनी वर्षाला बाहेरचा एकच सीनियर खेळाडू घ्यावा असा नियम करून बघावा. वॉल्श तरीही गेला असता. त्याच्यामागोमाग जाऊ पाहणारे मात्र थांबले असते.